मदत हवी आहे: भाच्याच्या गाठीची जनुकीय तपासणी

नमस्कार मंडळी, आम्ही चोपड्याचे. माझ्या सात वर्षांच्या भाच्याच्या पोटरीत गाठ आली. केळीच्या बागेत पडला होता, म्हणून मुका मार समजून दीड महिना नुसता लेप लावला. त्याची हळहळ जात नाही. बायोप्सीत अल्व्हिओलर ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा निघाला, म्हणजे स्नायूंचा कॅन्सर.

आता फ्यूजन तपासणी, म्हणजे दोन जनुकं एकमेकांना जोडली गेलीत का ते बघणं, सांगितली आहे. या प्रकारात बहुतेक वेळा १३व्या गुणसूत्रावरचं फॉक्सओ१ जनुक तुटून २ऱ्यावरच्या पॅक्स३ला किंवा १ल्यावरच्या पॅक्स७ला जोडलं जातं. हा बदल गाठीतल्या पेशींतच होतो, आईबापाकडून येत नाही. हे ऐकल्यावर ताई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. नात्यातल्या बायका तिलाच बोल लावत होत्या.

बायोप्सीच्या तुकड्याचे मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या स्टीलच्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवल्यात. जळगाव-धुळ्यात ही फ्यूजनची फिश (FISH, चमकणाऱ्या रंगाने जनुक तुटलंय का ते बघणारी) तपासणी होते का, की ब्लॉक घेऊन थेट परळला टाटालाच जावं? केमो बरेच महिने चालणार. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कोणी राहिलंय का? तिथे कोणती कागदपत्रं लागतात? सोमवारी रात्रीच्या गाडीने निघतोय, त्याआधी कळवा.