१९०० चा गिरमिट पास, जिल्हा 'नागपोर', गाव 'मोवराह' : हे मोवाड, मौदा की मोहपा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

काटोल, नरखेड, वरुडकडच्या लोकांची आणि जुन्या महसुली कागदांची सवय असलेल्यांची मदत हवी आहे.

माझी भाची ऑकलंडला असते. तिच्या सासरचे लोक मूळचे फिजीचे, १९८७ च्या लष्करी उठावानंतर न्यूझीलंडला आले. तिच्या आजेसासूबाई आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांचे आजोबा १९०० साली कलकत्त्याहून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, म्हणून फिजीला गेले, ऊसमळ्यात पाच वर्षं राबले आणि तिथलेच झाले. येत्या जानेवारीत आजी नागपूरला येणार आहेत आणि त्यांना आजोबांचं गाव बघायचं आहे. मी राहते नागपुरातल्या महाल भागात, त्यामुळे शोधायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं, आणि ते मला मनापासून करायचं आहे.

हातात आहे तो एमिग्रेशन पास, म्हणजे गिरमिटियांचा देश सोडतानाचा परवाना. हे पास सुव्याच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, घरच्यांकडे त्याचा फोटो आहे. छापील फॉर्मवर शाईने भरलेलं : नाव, बापाचं नाव, वय, जात, जवळचा नातेवाईक, जिल्हा, ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूण. आडनावाला रकानाच नाही. जवळचा नातेवाईक म्हणून भावाचं नाव आहे. जिल्हा स्वच्छ 'नागपोर'. ठाण्याच्या ओळीवर नेमकी घडी पडली आहे, पहिलं अक्षर 'के' तेवढं दिसतं. आणि गाव : एम, ओ, डब्ल्यू, आर, ए, एच. मोवराह.

'के'वरून काही ठरत नाही. आपल्या जिल्ह्यात काटोल आहे, कामठी आहे, कळमेश्वर आहे, कोंढाळी, कुही, केळवद आहे. त्यातही अडचण अशी, की माझ्या मनात असलेली तिन्ही गावं 'के'शी जुळतात. मोवाड काटोलकडचं, मौदा कामठीच्या पुढचं, मोहपा कळमेश्वरचं.

ऑकलंडला त्यांना कुणीतरी सांगितलं, की हे नागपूर आपलं नव्हेच, छोटा नागपूर असणार. शंका अगदीच गैर नाही. छोटा नागपुरातून फार मोठ्या संख्येने माणसं समुद्रापार गेली, आणि या पासावर जात 'कूर्मी' लिहिली आहे, तिकडे कुर्मी पुष्कळ. पण छोटा नागपूर हा जिल्हा नव्हता, आयुक्ताचा विभाग होता, आणि इथे नाव जिल्ह्याच्या रकान्यात आहे. कूर्मीचं म्हणाल, तर कलकत्त्याच्या डेपोतल्या कारकुनाने 'कुणबी' ऐकून आपल्या ओळखीचं कूर्मी लिहिलं असेल, असं मला वाटतं.

माझी खात्री पटली ती मात्र आजींच्या एका आठवणीने. फोनवर बोलताना त्या म्हणाल्या, की आजोबा पावसाळ्यात एका अमावस्येला घरचे बैल धुऊन रंगवायचे आणि दुसऱ्या दिवशी नातवंडांसाठी लाकडाचा बैल पाटावर मांडायचे. बैलाच्या चार पायांखाली त्यांनी स्वतः कोरलेली चाकं होती, गळ्यात सुताची माळ असायची, आणि पोरं तो दोरीने ओढत शेजारच्या घरी नेत, तिथे खाऊ मिळे. आजींना या सणाचं नाव ठाऊक नाही. तुम्हाला मी सांगायला नको, तो आपला नागपूरकडचा तान्हा पोळा. माणूस आपल्याकडचाच.

दुसरी आठवण गावाची. 'गाव मोठ्या नदीच्या काठावर, आणि नदीच्या पल्याड निजामाचा मुलूख', असं आजोबा सांगत. इथे माझं पारडं मोवाडकडे झुकतं. मोवाड वर्धा नदीवर, पलीकडे वरुड, म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाडाचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे असला तरी नावाने तो निजामाचाच होता, मध्य प्रांताला जोडला गेला १९०३ मध्ये. १९०० साली घर सोडणारा माणूस पलीकडच्या तीराला निजामाचा मुलूख म्हणणारच. मौदा कन्हानवर आहे, पण कन्हान ओलांडून निजामाच्या हद्दीत जाता येत नाही. मोहपा तर जिल्ह्याच्या पोटातच.

स्पेलिंगही मोवाडच्या बाजूने बोलतं. आपला 'ड' जुन्या इंग्रजी कागदांत 'आर' होऊन येतो. उमरेडचं 'उमरेर' आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, गॅझेटियरमध्ये मोवाडही 'मोवार' असंच आहे. मौद्यातला 'द' असा 'आर' होणं कठीण. मोहप्याचा 'पी' घाईच्या अक्षरात 'आर' दिसू शकतो, म्हणून ते नाव मी पुरतं खोडलेलं नाही.

एवढ्यावर आजींना मोवाडला न्यावं, असं घरातले म्हणतात. मला ते पटत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई इतक्या दुरून येणार आणि अंदाजाच्या गावात माती कपाळाला लावणार, हे बरोबर नाही. कागदावर तो भाऊ सापडायला हवा. भाऊ गावातच राहिला असेल तर त्याच्या मुलांच्या जन्माची किंवा त्याच्या मृत्यूची नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीत, असणार, आणि तिथे जातही लिहिलेली असते, म्हणजे 'कूर्मी'चाही निकाल लागेल. जात पडताळणीसाठी ज्यांनी कोतवाल बुकाच्या नकला काढल्या, त्यांना हे सांगायला नकोच.

आता माझे प्रश्न.

मोवाड पूर्वी काटोल तहसिलीत होतं, आता नरखेड तालुक्यात. १९०० च्या आसपासचं मोवाडचं कोतवाल बुक आज कुठल्या रेकॉर्ड रूममध्ये आहे? काटोल, नरखेड की नागपूरचं जिल्हाधिकारी कार्यालय? कुणी गेल्या काही वर्षांत तिथली नक्कल काढली असेल तर अर्ज कसा केला, ते लिहा. गावाचं नाव नक्की नसेल तर अर्ज घेत नाहीत, म्हणून तिन्ही गावांचे वेगवेगळे अर्ज द्यायची माझी तयारी आहे.

३० जुलै १९९१ च्या पुरात मोवाडचं फार नुकसान झालं, माणसं गेली, गाव नव्या जागी वसलं. त्या पुरात गावातले जुने कागद, शाळेचं दाखलखारीज रजिस्टर, मालगुजारांच्या घरचे दस्त यांतलं काय वाचलं? मोवाडकर कुणी असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जरूर विचारा. कुणाच्या घराण्यात 'एक भाऊ दुष्काळात कुठेतरी निघून गेला, परत आला नाही' अशी गोष्ट सांगतात का? १८९९-१९०० चा दुष्काळ आपल्या प्रांतात भयंकर होता, त्या साली बरीच माणसं आरकाट्यांच्या, म्हणजे मजूर भरती करणाऱ्या दलालांच्या, हाती लागली.

पहिल्या बंदोबस्ताच्या (जमीनमहसूल आकारणीच्या) मिसलीत, म्हणजे गाववार कागदांत, कुळांची नावं बापाच्या नावासकट सापडतात का, हे कुणी स्वतः पाहिलं असेल तर सांगा. तसंच काटोल-नरखेडच्या कुणब्यांच्या वंशावळी ठेवणारे भाट आता कुठे असतात, आणि त्या भागातले लोक अस्थी घेऊन कुठल्या तीर्थाला जात? तिथल्या पंड्यांच्या वह्या गावावारी असतात, मी जाऊन बघेन.

वर्धेच्या काठावर मोवाडसारख्या नावाचं आणखी एखादं गाव, टोला किंवा रिठी गाव असेल तर तेही कळवा. नदीकाठची ओस पडलेली गावं नकाशात मिळत नाहीत, ती तिकडच्या माणसालाच ठाऊक असतात.

आजोबांचं, त्यांच्या वडिलांचं आणि भावाचं नाव इथे उघड लिहीत नाही. ज्यांना खरंच शोधायचं आहे त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पासाच्या फोटोसकट पाठवते. काटोल-नरखेडला मी कुठल्याही कामाच्या दिवशी येऊ शकते, फक्त आदल्या दिवशी सांगा.