रेमिजेस: पंखाची उड्डाणपिसे

‘रेमिजेस’ म्हणजे पंखावरची सगळी पिसे, असा अर्थ कुणी घेत असेल, तर तो मर्यादित करायला हवा. कारण ही संज्ञा पंखाच्या मागच्या कडेच्या लांब, ताठ उड्डाणपिसांनाच लागू होते, त्यांची बुडे झाकणाऱ्या आच्छादक पिसांना नाही. पंखाच्या टोकाकडील, मनगटापुढच्या (हाताच्या पंजाच्या) हाडांना जोडलेली ती प्रायमरी आणि कोपर ते मनगट यांदरम्यानच्या अल्ना या हाडाला जोडलेली ती सेकंडरी. प्रायमरी बहुतेक पक्ष्यांत १०च्या आसपास असतात. सेकंडरींची संख्या मात्र हमिंगबर्डमधील ६पासून अल्बट्रॉसमधील ४०पर्यंत बदलते. गळालेले पीस हाती आल्यास दांड्याच्या दोन्ही बाजू अवश्य पाहाव्यात, कारण बाहेरच्या प्रायमरीची पुढची बाजू ठळकपणे अरुंद असते. नोंदीत प्रायमरी आतून बाहेर आणि सेकंडरी बाहेरून आत मोजण्याची पद्धत अधिक रूढ आहे.