पिचिंग शिकवणारा कोच पारखायचा कसा? (कोल्हापूर)

रंकाळाकाठ:
पोरगं 13 वर्षांचं, उजव्या हातानं मिडियम पेस टाकतं. आता शाळेच्या बेसबॉल टीममध्ये पिचर (बॅट्समनला बॉल टाकणारा) म्हणून घेतलंय. शिकवणारे दोघं सापडले. एक सर सॉफ्टबॉल खेळलेले, दुसरे पहिल्या आठवड्यातच कर्व्ह (हवेत वळणारा बॉल) शिकवतो म्हणतात. आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही. बघायचं काय?

डगआउट:
सर्टिफिकेट राहू दे बाजूला. विचारून एक अख्खं सेशन कडेला बसून बघा. पोरं आली की थेट माउंडवर (पिचर उभा राहतो तो उंचवटा) चढवतात, का आधी पळवून, अंग मोकळं करून, जवळून हलके थ्रो करत अंतर वाढवतात? आणि पिच, म्हणजे पिचरनं टाकलेले बॉल, मोजतंय कोण? कुणीच मोजत नसेल तर तिथूनच परत या. अमेरिकेतल्या पिच स्मार्ट (पोरांचा हात जपायच्या) नियमांत 13-14 वयाला दिवसाला जास्तीत जास्त 95 पिच. 51 ते 65 झाले तर 3 दिवस विश्रांती, 66 पासून पुढं 4 दिवस. क्रिकेटची नेट्स चालू असेल तर तो भारही त्याच खांद्यावर. कोच आपणहून हे विचारतो का, बघा.

शिवण108:
क्रिकेटवाल्या पोराची गोची कोपरात होते. तिथं हात सरळ ठेवायची सवय, इथं कोपर वाकवूनच टाकायचं. जाणकार कोच डावा पाय टेकतो तो क्षण पकडतो: कोपर खांद्याच्या उंचीला आलंय का, छाती अजून तिसऱ्या बेसकडंच (पिचरच्या उजवीकडं) आहे का. पाऊल प्लेटच्या (बॅट्समन उभा असतो तिथली पाटी) रेषेत न पडता पहिल्या बेसकडं (डावीकडं) पडलं की छाती लवकर उघडते, हात मागं रेंगाळतो, बॉल वर आणि उजवीकडं सुटतो, वर कोपराच्या आतल्या बाजूला ताण. अशा वेळी ‘खाली टाक, खाली टाक’ ओरडणारे पैशाला पासरी. पाऊल दुरुस्त करणारा, एका वेळी एकच गोष्ट सांगून पाच-सहा बॉल गप्प बघणारा मिळाला तर सोडू नका.

सॉफ्टबॉलचे असणं हा दोष नाही, पण तिथं पिच खालून हात फिरवून टाकतात. ओव्हरहँड शिकवलंय का, तेवढं विचारा. कर्व्हची घाई मात्र नकोच. आधी फोर-सीम (सरळ वेगवान बॉल: दोन बोटं शिवणीच्या कमानीवर आडवी, तळहात आणि बॉलमध्ये फट), मग चेंजअप (फसवा हळू बॉल): बॉल हातात खोल, हाताचा वेग तोच. हे दोन्ही हवे तिथं पडायला लागले की कर्व्हचं बघू.

रंकाळाकाठ:
नेट्सनंतर कोपराची आतली बाजू दुखते म्हणतोय. स्प्रे मारून चालेल का?

शिवण108:
अजिबात नाही. या वयात हाडाची वाढ चालू असते आणि नेमकी त्याच ठिकाणी इजा होते. थ्रो बंद, बॉलिंग बंद, आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. दोन्ही सरांनाही हे सांगा. जो ‘होतंय सुरुवातीला, सवय होईल’ म्हणेल त्याचं नाव यादीतून काढा.