रत्नागिरी शहरात तुम्ही काय पाहिले? – अनुभव धागा

कोकणात फिरायला जाणाऱ्यांच्या बेतात रत्नागिरीचे नाव हमखास असते. पण बहुतेकांसाठी ते केवळ गाडीतून उतरण्याचे ठिकाण ठरते. रेल्वे स्थानकाबाहेर वाहन मिळाले की मंडळी थेट गणपतीपुळ्याला निघतात आणि परतताना आंब्याची पेटी घेण्यापुरती शहरात डोकावतात. वास्तविक तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला किल्ला, पदच्युत ब्रह्मी राजाचा राजवाडा, गजबजलेले मासेमारी बंदर आणि अस्पृश्यतानिवारणाच्या इतिहासातले एक महत्त्वाचे मंदिर इतके सगळे रिक्षाच्या टप्प्यात असलेले दुसरे शहर आपल्या किनाऱ्यावर मला तरी आठवत नाही. म्हणून माझे मत असे आहे की मुक्काम रत्नागिरीत करावा आणि गणपतीपुळ्याला तिथून जाऊन यावे. ज्यांनी शहरात राहून ते पाहिले आहे, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत ही विनंती. काय आवडले नाही तेही लिहावे. हॉटेलांची शिफारस मात्र या धाग्यावर नको, कारण एकदा ती सुरू झाली की बाकी सगळे बाजूला पडते.

पुण्याहून, पूर्वी नोकरीनिमित्त म्यानमारमध्ये

यांगोनमध्ये असताना मी बहादूरशहा जफर याच्या दर्ग्याला गेलो होतो. शेवटच्या मोगल बादशहाला इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवले आणि 1862 साली तो तिथेच वारला, हे आपल्याला शाळेत शिकवलेले असते. त्याच इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला आपल्या कोकणात आणून ठेवले, ही दुसरी बाजू मात्र आपल्याकडे 'थिबा पॅलेस' या नावापलीकडे फारशी कोणाला माहीत नसते.

थिबा राजाला 1885 च्या अखेरीस, तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर, मंडाले सोडावे लागले. त्याला आधी मद्रासला आणि 1886 साली रत्नागिरीला आणण्यात आले. रत्नागिरीच का, याचे उत्तर त्या काळच्या नकाशात आहे: रेल्वे नव्हती, घाटरस्ते अवघड होते आणि पावसाळ्यात बोटी बंद पडल्या की जगाशी संबंध जवळजवळ तुटत असे. राजाला लोकांच्या नजरेआड ठेवण्यासाठी याहून सोयीची जागा सरकारला सापडली नसती. आज आपण पाहतो तो राजवाडा 1910 च्या सुमारास पुरा झाला. म्हणजे दोन तपांचा काळ राजाने बंगल्यांमध्ये काढला आणि राजवाडा मिळाल्यावर सहा वर्षांतच, डिसेंबर 1916 मध्ये, तो वारला. ज्या वास्तूला आपण त्याचे नाव दिले, तिच्यात तो सर्वांत कमी राहिला, हे तिथे हिंडताना ध्यानात ठेवावे.

इमारत तीन मजली, लाल रंगाची, उतरत्या छपरांची आणि लाकडी कोरीव कामाची आहे. वस्तुसंग्रहालय लहान आहे. केवळ त्यासाठी गेलात तर थोडी निराशा होईल. मागच्या बाजूने भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडचा समुद्र दिसतो, तो मात्र निवांत पाहावा. राज्याची वस्तुसंग्रहालये सोमवारी बंद असतात, तेव्हा वार पाहून जावे.

राजवाडा पाहून लोक परततात आणि समाधीकडे जात नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. ती शिवाजीनगर भागात, वस्तीच्या मधोमध आहे. रिक्षावाल्याला 'थिबा राजाची समाधी' असे स्पष्ट सांगावे, नाहीतर तो पुन्हा राजवाड्यावरच नेतो. राणी सुपयालतला 1919 साली मायदेशी परतता आले आणि 1925 साली ती रंगूनमध्ये वारली. तिचे थडगे श्वेडगॉन पॅगोड्याजवळ आहे आणि राजाचे इथे कोकणात. थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीलाच येऊन राहिली व 1947 साली इथेच वारली. तिची मुलगी टुटू ही साध्या घरातली, मराठी बोलणारी रत्नागिरीकर म्हणून जगली. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले होते. त्यांच्या दृष्टीने हे सहलीचे ठिकाण नव्हतेच.

ठाण्याहून, दोन शाळकरी मुलांसह

मुले बरोबर असतील तर सकाळी रत्नदुर्ग, उन्हाच्या वेळी झाडगावचे मत्स्यालय आणि संध्याकाळी मांडवी हा क्रम आम्हाला सोयीचा पडला.

रत्नदुर्गाचा आकार घोड्याच्या नालासारखा असल्याचे सगळीकडे लिहिलेले असते, पण बालेकिल्ल्याच्या तटावर उभे राहिल्याशिवाय ते पटत नाही. एका बाजूला मिरकरवाडा बंदर, समोर वेगळ्या टेकाडावर दीपगृह आणि बाकी सगळीकडे समुद्र. वाहन बरेच वरपर्यंत जाते आणि त्यापुढच्या पायऱ्या मुलांना सहज जमतात. आत भगवती देवीचे मंदिर आहे व तिथे नित्य पूजा होते, त्यामुळे हा किल्ला ओसाड वाटत नाही. मुलांना सर्वांत जास्त कुतूहल भुयाराचे वाटले. तटाच्या कडेला कठडा प्रत्येक ठिकाणी नाही, त्यामुळे लहान मुलांचा हात सोडू नये.

मत्स्यालय हे कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचा भाग आहे. मोठ्या शहरांतील झगमगीत मत्स्यालये पाहिलेल्यांना ते साधे वाटेल. पण इथला देवमाशाचा सांगाडा पाहिल्यावर आमच्या मुलाने पुस्तकातल्या चित्रांवरून विचारले नसते असे प्रश्न विचारले. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या परांमध्ये बोटांची हाडे असतात, हे त्याला तिथेच कळले. संग्रहात जतन केलेले मासे व शंख-शिंपलेही आहेत.

मांडवीच्या जेटीला लोक कौतुकाने 'रत्नागिरीचे गेटवे' म्हणतात. तिथे भेळ खावी, सूर्यास्त पाहावा आणि वाळूकडे लक्ष द्यावे. ही वाळू काळपट आहे, म्हणून या भागाला 'काळा समुद्र' म्हणतात. किल्ल्याच्या डोंगरापलीकडे, मिऱ्याच्या बाजूला, तोच समुद्र 'पांढरा' होतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट या टायटॅनियमयुक्त काळ्या खनिजाचे साठे आहेत, हे मुलांना सांगून लोहचुंबक बरोबर नेले होते. चुंबकाला कण चिकटू लागल्यावर भेळ मागे पडली.

कोल्हापूरहून

आंबा घाट उतरून आम्ही रत्नागिरीला जातो ते मासळीसाठी, आणि हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही. मिरकरवाडा बंदर हे पर्यटनस्थळ नव्हे, तो लोकांच्या पोटापाण्याचा बाजार आहे, हे आधी लक्षात घ्यावे. बोटी परतण्याच्या वेळी तिथे लिलाव चालतो आणि अनोळखी माणसाला त्यातले काही कळण्याआधी माल विकलेला असतो. बोली लावणाऱ्यांच्या मध्ये उभे राहू नये, न विचारता फोटो काढू नयेत आणि चांगली पादत्राणे घालून जाऊ नये, कारण जमिनीवर बर्फाचे पाणी आणि खवले यांचा चिखल असतो. घाऊक लिलावात आपल्यासारख्यांना काही मिळत नाही. बाहेर बसलेल्या बायकांकडे बांगडे, कोळंबी, सौंदाळे यांचे वाटे मांडलेले असतात, तिथे घ्यावे. भाव करावा, पण हौसेने करावा. मी सुरमईला दिलेला पहिला भाव ऐकून त्या मावशींनी मला 'वरणभात खाऊन जा' असा सल्ला दिला होता.

1 जून ते 31 जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ती माशांच्या प्रजननासाठी असते आणि त्याच सुमारास समुद्रही खवळलेला असतो. या दोन महिन्यांत कोणी 'आजची ताजी सुरमई' म्हणून पुढे केली, तर ती कुठून आली हे विचारायला हरकत नाही. त्या दिवसांत खाडीचे मासे आणि सुके बोंबील यांवर समाधान मानावे.

मासे न खाणाऱ्यांनी मार्च-एप्रिलमध्ये जावे. ओल्या काजूगरांची उसळ त्या काळात मिळते आणि माझ्यासारख्या मासेखाऊलाही तिच्यासमोर क्षणभर विचार करावा लागतो.

नागपूरहून

धागाकर्त्यांच्या मताशी मी सहमत नाही. आम्ही मे महिन्यात शहरात राहिलो. दमट उकाडा आम्हा वैदर्भीयांना कोरड्या उन्हापेक्षा जड गेला, बाजारपेठेतल्या अरुंद रस्त्यांवर गाडी काढताना हैराण झालो आणि समुद्रस्नानासाठी शहरातला एकही किनारा आम्हाला पसंत पडला नाही. ज्यांना समुद्रकाठी नुसते पडून राहायचे आहे, त्यांनी आरे-वारे किंवा गणपतीपुळ्याच्या बाजूलाच राहावे. पाण्याची ओढ मात्र तिथेही जबर असते. खोल जाऊ नये.

पुण्याहून, निवृत्त शिक्षिका

टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मघर (जन्म 23 जुलै 1856) बहुतेक जण पाहतात. वडील गंगाधरपंत शिक्षक. 1866 मध्ये हे कुटुंब पुण्याला आले, म्हणजे लोकमान्यांचे बालपण या गावात गेले. घर साधे, कौलारू, कोकणी पद्धतीचे आहे आणि त्याचा साधेपणा राखलेला आहे, याचे मला समाधान वाटले.

मला अधिक सांगायचे आहे ते पतितपावन मंदिराविषयी. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, म्हणजे 1924 ते 1937 या काळात, सावरकरांना राजकारणात भाग घेण्यास मनाई होती. त्यांनी आपली शक्ती अस्पृश्यतानिवारणाकडे वळवली, आणि सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असलेले हे लक्ष्मीनारायणाचे मंदिर 1931 साली उघडण्यात आले. त्याचा खर्च भागोजीशेठ कीर यांनी उचलला. भंडारी समाजातल्या गरीब घरात जन्मलेले भागोजी रत्नागिरीहून मुंबईला गेले, बांधकामाच्या धंद्यात नावारूपाला आले आणि मिळवलेला पैसा सार्वजनिक कामांत घातला. दादरच्या समुद्रकाठची स्मशानभूमीही त्यांच्याच दातृत्वाची. किल्ल्याच्या पायथ्याचे भागेश्वर मंदिर त्यांनी बांधलेले आहे, म्हणून ही दोन्ही मंदिरे एकाच फेरीत पाहावीत असे मी सुचवीन. सावरकरांच्या राजकारणाविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. 1930 साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू होता आणि त्याच्या पुढच्याच वर्षी इथे हे दार उघडले, ही दोन वर्षे शेजारी ठेवून मी विद्यार्थ्यांना शिकवीत असे. एका ठिकाणी जुन्या मंदिराचे दार उघडण्याचा झगडा होता, तर दुसऱ्या ठिकाणी नवे मंदिर बांधून मार्ग काढला होता. या दोहोंतला फरक मुलांना आपोआप समजे आणि त्यावर वर्गात चांगली वादावादी होई.

ग्रंथप्रेमींनी जिल्हा नगर वाचनालयातही जावे. ते 1828 साली स्थापन झालेले असून महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी आहे.

रत्नागिरीतूनच

पाहुण्यांनी आमच्या गावाविषयी इतके लिहिले, आता घरच्यानेही चार गोष्टी सांगाव्यात. नागपूरकरांची तक्रार मला मान्य आहे, पण मे महिना हा आमचाही आवडता महिना नाही. आम्ही तो केवळ हापूससाठी सहन करतो. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत यावे. शिमग्याला आलात तर त्याहून उत्तम. बारा वाड्यांचा ग्रामदेव श्रीदेव भैरी पालखीतून बाहेर पडतो, तेव्हा नोकरीनिमित्त मुंबईत असलेला रत्नागिरीकरही रजा काढून येतो, आणि गर्दीत उभे राहायची तयारी असेल तर पाहुण्याला कोणी परका मानत नाही.

पावसाळ्यात येणाऱ्यांनी पांढऱ्या समुद्राकडे आणि मिऱ्याला जपून जावे. तिथे समुद्र दर वर्षी किनारा खातो, म्हणून दगडी धूपप्रतिबंधक बंधारा घातलेला आहे. उधाणाच्या भरतीला लाटा त्यावरून येतात. त्या लाटांपुढे उभे राहून फोटो काढणारे पाहुणे दर पावसाळ्यात दिसतात आणि सांगूनही ऐकत नाहीत. भाट्याला सुरूच्या बनात बसावे, हवे तितके चालावे. काजळी नदी समुद्राला मिळते त्या बाजूला मात्र पाण्यात उतरू नये.

मुंबईहून, भूगोलाची अभ्यासक

शहरात मुक्काम करण्याचे आणखी एक सबळ कारण अजून कोणी लिहिलेले नाही, ते म्हणजे कातळशिल्पे. उक्षी आणि जांभरुण ही दोन ठिकाणे शहरातून अर्ध्या दिवसात होतात. कोकणात 'सडा' म्हणतात त्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, जमिनीच्या पातळीत, प्राणी, माणसे आणि अद्याप अर्थ न लागलेल्या आकृती कोरलेल्या आहेत. उक्षीचा हत्ती जवळून केवळ रेषांचा गुंता वाटतो, म्हणून तो तिथे बांधलेल्या सज्जावरून पाहावा. रत्नागिरीच्याच सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षे गावोगाव फिरून ही शिल्पे उजेडात आणली आणि 2022 साली कोकणातली निवडक स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. गावातल्या कोणाला तरी बरोबर घ्यावे, शिल्पांवर पाय देऊ नये आणि रेषा ठळक दिसाव्यात म्हणून खडू किंवा पाणी वापरू नये. पावसाळ्यात सड्यावर गवत व पाणी असते. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन असताना रेषा सर्वांत स्पष्ट दिसतात.

साताऱ्याहून

आमच्या सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन गेलो होतो, म्हणून चढ-उतार न झेपणाऱ्यांसाठी थोडेसे लिहितो. राजवाड्याचा तळमजला, मांडवी, मत्स्यालय आणि पतितपावन मंदिर हे सर्व तिला त्रासाशिवाय पाहता आले. किल्ल्यावर ती पायऱ्यांखालीच बसली. भाट्याचा पूल ओलांडून पुढे पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरात गेलो, तो तिच्या दृष्टीने प्रवासाचा मुख्य भाग ठरला. तिथे दुपारी खिचडीचा प्रसाद मिळतो, तेव्हा त्या वेळेच्या बेताने निघावे. स्वतःचे वाहन नसेल तर रत्नागिरीहून पावसला एसटी जाते. परतीच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर कंडक्टरलाच विचारून ठेवावी.