कूलंट कमी होतंय, पण गळतंय कुठून? मदत हवी आहे

मंडळी, माझी मिड-इंजिन स्पोर्ट्स कार आहे, म्हणजे इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढे. मधले पाइप गाडीच्या पोटाखालून जातात, आणि तिथेच सगळी गोची आहे. दर आठवड्याला साधारण अर्धा लिटर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतं, पण जमिनीवर थेंब नाही. फक्त गाडी दामटून आणली आणि बंद केली की मागच्या जाळीतून कूलंटचा तो गोडसर वास येतो.

थंड इंजिनवर प्रेशर टेस्टर लावून १ बार दाब दिला. २० मिनिटांत काटा थोडासाच खाली आला, ओल मात्र कुठेच दिसली नाही. कूलंटच्या टाकीचं झाकण नवीन घातलं, फरक शून्य. ऑइल दुधाळ नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूरही नाही, म्हणून हेड गॅस्केटवर (इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) माझा संशय कमी आहे. (तापलेल्या इंजिनवर कूलंटचं झाकण उघडायचा मूर्खपणा एकदा केलाय, परत नाही.)

वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी (सील गेलं की कूलंट इथूनच झिरपतं) गुलाबीसर सुकलेला डाग आहे. एवढ्यावरून पंपाचं सील गेलं असं धरायचं का? की आधी यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) कूलंटमध्ये टाकून अंधारात यूव्ही दिवा मारून बघू? पंप काढायचा तर अर्धं इंजिन मोकळं करावं लागतं, म्हणून खात्री हवी. आणि नंतर एवढ्या लांब पाइपांतली हवा काढायला व्हॅक्यूमनेच कूलंट भरावं लागेल, की ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) उघडून भागतं?