गाडीतल्या कंपनीच्या स्टिरिओला आयपॉड जोडला की गायक गायब होतो, कुणाला अनुभव आहे का?

नाट्यवेडा_सांगली

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका.

नानांकडे (माझे वडील, वय ७४) १६० जीबीचा आयपॉड क्लासिक आहे, तो गोल चाक फिरवायचा, बहिणीने २०१० ला आणून दिलेला. त्यात आठ-नऊ हजार गाणी, निम्म्याहून जास्त नाट्यसंगीत, आम्ही पडलो सांगलीचे त्यामुळे घरात दुसरं काय असणार. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, हिराबाई, सगळं नानांनी स्वतः नाटकाप्रमाणे नावं टाकून लावलंय, दोन वर्षं बसले होते त्यावर. गेल्या महिन्यात सेकंडहँड गाडी घेतली, २०१२ चं मॉडेल (नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा मायलेजवर जातो). सेट कंपनीचाच आहे, डॅशबोर्डच्याच आकाराचा. सीडी, रेडिओ, यूएसबी, ऑक्स (बाहेरचं यंत्र साध्या वायरने जोडायचं भोक). ब्लूटूथ आहे पण ते फक्त फोन घ्यायला, गाणी वाजत नाहीत.

तर ऑक्सची वायर आणली, एक टोक आयपॉडच्या हेडफोनच्या भोकात, दुसरं गाडीत. ऑक्सचं भोक समोरच्या कप्प्यात आहे. पहिले आठ दिवस मस्त वाजलं. मग एक दिवस नाना म्हणाले बालगंधर्व गेले. म्हटलं म्हणजे? तर तबकडीची खरखर ऐकू येते, गाणं नाही, आवाज फुल केला तरी लांब कुठेतरी पुटपुटल्यासारखं. नवीन सिनेमाची गाणी लावली तर व्हायोलिन, कोरस व्यवस्थित पण मुख्य गायक विहिरीत बसून गातोय असं. हेडफोन लावून ऐकलं तर सगळं ठीक, म्हणजे आयपॉड बिघडलेला नाही.

आता खरी गंमत. लायटरच्या सॉकेटमध्ये चार्जर लावून आयपॉड चार्जिंगला लावला की गायक परत येतो!! पण सोबत एक बारीक शिट्टी पण येते, अॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी वर चढते, सोडला की खाली. नाना म्हणतात पेटीवाल्याने स्वर चुकीचा धरलाय.

यूएसबीला लावून पाहिला तर स्क्रीनवर गाण्याच्या नावाऐवजी चार इंग्रजी अक्षरं येतात, काहीच्या काही, क्रमही वाट्टेल तो आणि अर्धी गाणी तर वाजतच नाहीत. अॅक्सेसरीवाल्याकडे गेलो तर त्याने ऐकूनसुद्धा न घेता सांगितलं की सेट गेलाय, बदला. खरंच गेलाय का?

टॉपगिअर_राव

काढून फेका आणि अँड्रॉइडचा मोठा स्क्रीन बसवा, मॅप पण दिसतो, रिव्हर्स कॅमेरा पण. २०२० च्या पुढे आयपॉड कोण वापरतं राव

नाट्यवेडा_सांगली

@टॉपगिअर_राव नाना वापरतात :) आणि सेट डॅशबोर्डच्या आकारात आहे, काढला तर फ्रेम वेगळी घ्यायची, स्टिअरिंगची बटणं चालवायला वेगळा अडॅप्टर, आणि एवढं करून त्यांना ते चाकच फिरवायचं असतं.

कोथरूडचा_पेन्शनर

एफएम ट्रान्समीटर घ्या. लायटरच्या सॉकेटला लावायचा, त्याची छोटी वायर आयपॉडला, आणि गाडीच्या रेडिओवर तीच फ्रिक्वेन्सी लावायची. मी चार वर्षं वापरला. फक्त मोकळी जागा शोधावी लागते, पुण्यात ९१.१, ९३.५, ९८.३, १०१ सगळीकडे कोणीतरी बसलेलंच आहे, वर १०७.४ ला विद्यापीठाचं विद्यावाणी. मी ८८ च्या आसपास ठेवायचो. प्रवासात मात्र गाव बदललं की तुमच्या मोकळ्या जागेवर दुसरंच स्टेशन येऊन बसतं, कुमार गंधर्वांच्या मधे एकदम फर्निचरच्या सेलची जाहिरात. आवाज पण ऑक्सइतका स्वच्छ नाहीच. तेव्हा ऑक्स सुधारत असेल तर आधी तेच बघा.

ब्लू_दातवाला

ऑक्सला लावायचा ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो, वायरच नको. आयपॉडवरून कनेक्ट करा, झालं.

झाळकाम

@ब्लू_दातवाला आयपॉड क्लासिकला ब्लूटूथ नसतंच हो. रिसीव्हर कुणाशी बोलणार?

@नाट्यवेडा, सेट अजिबात गेलेला नाही. तुम्ही लक्षणं इतकी छान लिहिलीत की गाडी न बघता सांगतो, तुमच्या ऑक्सच्या वायरीतली अर्थ (अर्थिंगची तार) तुटली आहे.

कसं ते सांगतो. पिनेवर तीन भाग असतात, टोकाला डावा चॅनल, मधल्या रिंगला उजवा आणि सगळ्यात मागे बुडाशी अर्थ. डावा आणि उजवा दोघांनाही परत जायला वाट एकच, ती अर्थची. ती तुटली की बिचारा सिग्नल एका चॅनलने जातो आणि दुसऱ्या चॅनलने परत येतो, म्हणजे स्पीकरला पोचतं ते डावं वजा उजवं. आता स्टुडिओत मुख्य गायकाला बरोबर मधे ठेवतात, म्हणजे दोन्हीकडे तो सारखाच असतो, आणि सारख्यातून सारखं वजा केलं की उरतं शून्य. गेला गायक. जी वाद्यं एका बाजूला ठेवलेली असतात ती उरतात, आणि गायकाच्या आवाजावर जी घुमारी चढवतात ती दोन्हीकडे थोडी वेगवेगळी असते म्हणून तेवढीच उरते. तुमची विहीर ती हीच.

आणि बालगंधर्वांच्या बाबतीत तर अख्खं गाणंच जाणार. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्या सगळ्या मोनो, डावं-उजवं असा प्रकारच नाही, फाइलमध्ये दोन्हीकडे तेच गाणं. वजाबाकीत बुवा, ऑर्गन, तबला सगळं साफ. पण तबकडी वाजवताना स्टिरिओ पिकअप (सुईचं डोकं) लावला असेल तर खरखर मात्र दोन्ही बाजूंना थोडी वेगळी रेकॉर्ड होते, म्हणून ती शिल्लक राहते. नानांचा कान जबरदस्त आहे, त्यांनी निदान अर्धं केलंच होतं, माझा नमस्कार सांगा.

चार्जर लावल्यावर गायक का परत येतो? कारण चार्जरची अर्थ गाडीच्या बॉडीला, सेटची अर्थ पण बॉडीलाच. वायरीतली वाट बंद म्हणून सिग्नल चार्जरमधून, बॉडीवरून लांबचा वळसा घालून घरी जातो. पण त्याच रस्त्यावर अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज बनवणारा तो) विजेचा कचरा पडलेला असतो, तो सोबत घेऊन येतो. इंजिन जोरात फिरलं की अल्टरनेटर जोरात, म्हणून शिट्टीचा स्वर चढतो.

मल्टीमीटर असेल तर बीपवर ठेवा आणि दोन्ही पिनांची बुडं एकमेकांशी तपासा. वायर हलवत हलवत तपासा. बीप आला नाही किंवा येऊन जाऊन राहिला तर चोर सापडला. मीटर नसेल तर सरळ दुसऱ्या वायरने बघा.

मु_पो_वाई

झाळकाम यांचं बरोबर, फक्त एक जोडतो. त्या वायरीच्या पिनेवर काळ्या रिंगा किती आहेत बघा. दोन असतील तर ठीक. तीन असतील तर ती मोबाइलच्या माइकवाली चार भागांची पिन, ती गाडीच्या जुन्या ऑक्समध्ये कधीकधी नीट जुळत नाही आणि अगदी हाच प्रकार होतो. नवीन घेताना दोन रिंगांचीच मागा.

अकोल्याचं_ऊन

विषय सोडून आहे पण सांगतो, तो आयपॉड गाडीत ठेवून जाऊ नका. त्यात खरीखुरी फिरणारी हार्डडिस्क असते, कंपनीनेच वापरायला ३५ अंशांपर्यंत आणि नुसता ठेवायला ४५ पर्यंत असं दिलंय. आमच्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ होतं, बंद गाडीच्या कप्प्यात काय होत असेल ते विचारूच नका. आमचा एक असाच गेला, नुसता टिकटिक करायचा.

फोल्डरवाला

यूएसबीचं कोडं मी सोडवतो. आयपॉड गाणी आत घेताना फाइलचं नाव बदलून चार अक्षरांचं करतो आणि एका लपवलेल्या फोल्डरमध्ये एफ००, एफ०१ असे कप्पे करून त्यात विखरून टाकतो. खरं नाव, नाटक, गायक हे सगळं फाइलच्या आतल्या टॅगमध्ये आणि आयपॉडच्या स्वतःच्या वहीत असतं. तुमचा सेट आयपॉडला आयपॉड म्हणून ओळखत नाही, त्याला तो एक मोठा पेनड्राइव्ह वाटतो, मग तो कप्पे उघडतो आणि जे दिसेल ते वाजवतो. अर्धी गाणी वाजत नाहीत ती बहुतेक आयट्यून्समध्ये सीडीवरून घेतलेली, ती एएसी फॉरमॅटमध्ये होतात आणि या काळातले बरेचसे सेट फक्त एमपीथ्री आणि डब्ल्यूएमए वाजवतात.

नानांना चाक सोडवत नसेल तर हा नाद सोडा. पण बॅकअप म्हणून तरी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा, पंधरा वर्षांची डिस्क आहे, दोन वर्षांची मेहनत एका टिकटिकीत जाईल. टॅग शाबूत असतात, त्यावरून नावं परत लावून देणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. आणि पुढेमागे पेनड्राइव्ह केलाच तर ३२ जीबीचा घ्या, फॅट३२ मध्ये (जुन्या सेटना वाचता येणारा फॉरमॅट) फॉरमॅट करून. ६४ च्या वरचे बऱ्याचदा दुसऱ्या फॉरमॅटमध्ये येतात आणि जुना सेट त्यांच्याकडे बघत पण नाही. गाणी क्रमाने एकेक फोल्डर करत टाका, काही सेट नावाच्या नाही तर टाकल्याच्या क्रमाने वाजवतात.

नाट्यवेडा_सांगली

झाळकाम साहेब, पाय कुठे आहेत तुमचे!!

शेजारी वायरमन आहेत त्यांचा मीटर आणला. डावा बीप, उजवा बीप, बूड गप्प. पिनेच्या मुळाशी वायर जरा वाकवली की एकदा बीप आणि परत गप्प. मग लक्षात आलं, कप्प्याचं झाकण बंद करताना वायर रोज त्याच जागी दाबली जात होती. रिंगा दोनच होत्या, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

१५० रुपयांत नवी वायर आणली, जाड, एका बाजूची पिन काटकोनात वळलेली, म्हणजे झाकण बसतं आणि वायर मोडत नाही. बालगंधर्व परत आले. नाना गाडीत अंगणातच पाऊण तास बसून होते, आई जेवायला हाका मारतेय.

चार्जर लावला तर शिट्टी आता अगदी बारीक आहे पण आहे. गाणं चालू असताना कळत नाही, दोन गाण्यांच्या मधे कळते. त्याचं काय करू? अकोलेकर, आयपॉड आता नानांच्या खिशात येतो-जातो. फोल्डरवाले, रविवारी बॅकअपला बसतोय.

झाळकाम

वा. आता उरलेली शिट्टी का, तर अर्थला दोन वाटा झाल्या, एक वायरीतून आणि एक चार्जरमधून, आणि दोन वाटांचं कडं झालं की त्यात कचरा फिरतो. ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून काडेपेटीएवढी डबी मिळते, ऑक्सच्या वायरीत मधे लावायची. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, गाणं पलीकडे जातं पण तारेने तार जोडलेली राहत नाही, कडं तुटतं. अगदी स्वस्तातली डबी खर्जाचा आवाज थोडा खाते, नाट्यसंगीताला फार फरक पडणार नाही, तबल्याच्या डग्ग्याला पडेल.

पण मी म्हणतो डबीच कशाला? त्या मॉडेलची बॅटरी नवी असताना कंपनी ३६ तास सांगायची. आता निम्मी धरा, पाव धरा, तरी सांगली-पुणे जाऊन येऊन होतं. रात्री घरी चार्ज करा, गाडीत चार्जर लावूच नका.

एक राहिलं. आयपॉडचा आवाज पाऊण ते ऐंशी टक्क्यांवर ठेवा आणि बाकीचं गाडीच्या बटणाने कमी-जास्त करा. तो कमी ठेवून सेट फुल केला तर सेटची सूं सूं वाढते, आणि त्याच फुलवर चुकून रेडिओचं बटण दाबलं गेलं तर काय होतं ते विचारू नका.

कोथरूडचा_पेन्शनर

धाग्याच्या नादात मी पण ट्रान्समीटर बाजूला ठेवला. माझ्या गाडीत ऑक्स नाही पण कॅसेटचं तोंड आहे, त्यात घालायची वायरवाली खोटी कॅसेट माळ्यावरच्या डब्यात सापडली, अजून चालते. आतल्या चक्रांची कटकट ऐकू येते तेवढीच.

नाट्यवेडा_सांगली

झाळकाम, रेडिओची सूचना एक दिवस उशिरा आली. काल कराडच्या पुढे नानांचा हात त्याच बटणाला लागला, सेट फुल होता, आई मागच्या सीटवर झोपली होती. आता ऑक्स सोडून दुसऱ्या बटणाला हात लावायची नानांना बंदी आहे.