स्टाफिंग कंपनीचं मार्जिन म्हणजे लूट का? (नाशिकच्या डेव्हलपरांसाठी धागा)

गोदाकाठचा_कोडर
गेल्या आठवड्यात इथे एका पोराने लिहिलं होतं: अमेरिकन क्लायंट त्याच्यासाठी तासाला २५ डॉलर मोजतो, त्याच्या हातात महिन्याला १ लाख १० हजार पडतात, म्हणजे मधली स्टाफिंग कंपनी (स्वतःच्या पगारावर माणूस ठेवून तो क्लायंटच्या कामाला देणारी) त्याला लुटते. खाली सगळ्यांचा एकच सूर, सोड कंपनी आणि थेट क्लायंट पकड. मला पटलं नाही.

१६० तासांचे ४,००० डॉलर. डॉलर ८५ ला धरला तर ३ लाख ४० हजार. तफावत, म्हणजे कंपनीचं मार्जिन, डोळ्यात खुपते, मान्य. पण बिल लागतं ते मंजूर झालेल्या टाइमशीटचं, म्हणजे कामाच्या तासांच्या नोंदीचं. दिवाळीची सुट्टी, तुमचा ताप, क्लायंटकडचा ख्रिसमसचा शटडाउन, या दिवसांचं बिल शून्य आणि पगार चालू. पैसे येतात दीड-दोन महिन्यांनी, पगार मात्र महिन्याच्या महिन्याला. तुम्ही क्लायंटला आवडला नाहीत तर बदली माणसाचे पहिले काही दिवस बहुतेक वेळा फुकट द्यावे लागतात. शिवाय तो क्लायंट आणायला सेल्सचा माणूस वर्षभर पोसलेला असतो.

कॉलेज रोडवर बसून टेक्सासचा क्लायंट स्वतः शोधणारे किती आहेत आपल्यात? मार्जिन घेणं ही चोरी नाही. भांडायचं तर करारातल्या कलमांवर भांडा.

सातपूर_ते_हिंजवडी
ही सगळी मालकाची बाजू झाली. बेंचचा, म्हणजे प्रोजेक्ट नसताना पगार देण्याचा, धोका कंपनी उचलते म्हणे! मी ज्या कंपनीत होतो तिथे प्रोजेक्ट सुटल्यावर पंधरा दिवस बसवलं आणि मग एचआरने गोड आवाजात राजीनामा मागितला. मग मार्जिन कसलं घेतलं होतं?

आणि सीव्हीचं कोण बोलणार? क्लायंट राउंडच्या (क्लायंट घेतो त्या मुलाखतीच्या) आदल्या रात्री मला माझाच सीव्ही मेलवर आला. तीन वर्षांच्या अनुभवाची पाच झालेली, आणि आत मी कधी न पाहिलेला बँकिंगचा प्रोजेक्ट. सकाळपर्यंत पाठ कर म्हणाले. पकडला गेलो असतो तर तोंड माझं काळं झालं असतं, कंपनीने दुसरा उभा केला असता. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० रुपये, आणि कंपनीचा वाटाही सीटीसीतूनच (ऑफरमध्ये दाखवलेल्या एकूण पॅकेजमधूनच) कापलेला. द्राक्ष बागायतदाराला निदान व्यापारी काय भावाने उचलतोय ते कळतं. आम्हाला आमचा बिल रेट, म्हणजे क्लायंट आमच्यासाठी मोजतो तो दर, क्लायंटच्या चुकून फॉरवर्ड झालेल्या मेलमधून कळला.

मुंबईनाका_मालक
खोटा सीव्ही देणारे आहेत, नाकारत नाही. त्यांच्यामुळे आम्हालाही क्लायंट पहिला महिना चोरासारखं बघतो.

पण रेट सांगितला की काय होतं तेही ऐका. मी दोघांना सांगितला होता. एकाने तोच आकडा दाखवून पुण्यात ऑफर घेतली, दुसऱ्याने क्लायंटला परस्पर मेल टाकला की अर्ध्या पैशात मीच करतो. क्लायंटने तो मेल मलाच पाठवला. क्लायंटला थेट घ्यायचं तर आमच्या करारात कन्व्हर्जन फी (माणूस सोडण्याचा मोबदला) आहे, ती भरा आणि न्या, माझी ना नाही.

कुणी तरी मागे लिहिलं होतं की १८ टक्के जीएसटी जातो म्हणून मार्जिन लागतं. तसं नाही. सेवा निर्यात झिरो रेटेड (शून्य टक्के कराची) आहे, एलयूटी नावाचं हमीपत्र भरलं की कर न लावता बिल करता येतं. ते कारण सांगणाऱ्या मालकावर विश्वास ठेवू नका.

न्यूजर्सीतला_नाशिककर
मी टेबलाच्या पलीकडे बसतो, माणसं घेतो. थेट का घेत नाही? माझी भारतात कंपनी नाही, तर तुमचा पीएफ, टीडीएस कोण बघणार?

दुसरं, कोडची मालकी. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीत लिहिलेल्या कोडचा पहिला मालक नोकरी देणारा, म्हणजे तुमची स्टाफिंग कंपनी. तिच्याकडून तो माझ्याकडे यायला लेखी असाइनमेंट (हक्क लिहून देणं) लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असं कलम १९ सांगतं. अमेरिकेत विकायच्या प्रॉडक्टचा हक्क फक्त भारतापुरता! कंपनीने आत गुपचूप एखादा फ्रीलान्सर बसवला असेल तर त्याच्याकडूनही वेगळं लिहून घ्यावं लागतं. हे निस्तरायलाच मला मधली कंपनी हवी असते, आणि तिला हे माहीत नसेल तर तिचं मार्जिन फुकटचं.

ऑफशोअर (परदेशात काम करून घेणं) म्हणजे स्वस्तच, हेही डोक्यातून काढा. इथे अमेरिकेत २०२२ पासून परदेशात केलेल्या सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटचा खर्च करासाठी १५ वर्षांत विभागावा लागतो. देशातल्या खर्चाला २०२५ च्या कायद्याने पुन्हा त्याच वर्षी वजावट मिळाली, परदेशातल्याला नाही. त्यामुळे तुमचा रेट वाढवताना माझा सीएफओ (पैशाचा कारभार बघणारा) हात आखडता घेतो.

इंदिरानगरची_टेस्टर
सगळे पैशावर बोलताय, म्हणून मी घड्याळावर बोलते. न्यूयॉर्कचा सकाळी दहाचा स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला आणि त्यांनी नोव्हेंबरात घड्याळ मागे घेतलं की साडेआठला. सासूबाई ताट वाढून विचारतात, अजून किती वेळ, आणि मी म्यूटवर 'पाच मिनिटं' म्हणते. त्या पाच मिनिटांचा रात्री साडेदहापर्यंत डिप्लॉयमेंट (नवा कोड चालू करायचा) कॉल होतो. ओव्हरलॅपचे (दोन्हीकडे एकाच वेळी काम करायचे) तास करारात असतात, पण क्लायंट आणि कंपनीमधल्या. माझ्या ऑफर लेटरवर 'सकाळी १० ते ७'.

आणि एक गोष्ट मालक इथे लिहिणार नाहीत. एका क्लायंटला पूर्ण वेळ म्हणून विकलेला डेव्हलपर दुसऱ्याच्या जिरावरही (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) तिकिटं, म्हणजे कामं, बंद करत असतो. माझ्या शेजारी बसणारा मुलगा दोन लॅपटॉपवर दोन टाइम ट्रॅकर चालवायचा. बिल दोन, पगार एक. कोडर दादा, हे तुमच्या हिशेबात कुठे बसतं?

गोदाकाठचा_कोडर
कुठेच बसत नाही, ती सरळ फसवणूक आहे, क्लायंटची आणि त्या मुलाचीही. पण ती फसवणूक होते म्हणून पद्धतच वाईट, हे मानत नाही. मालकसाहेब, रेट लपवून तुमचा माणूस टिकत नाही, तो उशिरा जातो एवढंच. निदान बिल रेटचा पट्टा (इतक्यापासून इतक्यापर्यंत) सांगा आणि बेंचवर किती महिने पगार देणार ते ऑफर लेटरमध्ये लिहा. तेवढं लिहिलंत तर तुमचं मार्जिन मी इथे कुणाशीही भांडून राखेन.

मुंबईनाका_मालक
बेंचचे दोन महिने लिहून देतो. रेटचं विचार करून सांगतो.

सातपूर_ते_हिंजवडी
झालं, बसला विचार करत.

अंतिम_वर्ष_पंचवटी
माझ्या ऑफरमध्ये आहे की सोडल्यावर दोन वर्षं त्यांच्या कुठल्याही क्लायंटकडे काम करायचं नाही. खरंच अडवू शकतात का?

न्यूजर्सीतला_नाशिककर
भारतीय करार कायदा १८७२, कलम २७. नोकरी सोडल्यानंतर तुझा धंदा अडवणारी अट सहसा टिकत नाही. पण गोपनीयतेची अट टिकते, आणि क्लायंटने स्वतः कंपनीशी केलेल्या करारात तुला घ्यायचं नाही असं असेल तर तो हात लावणार नाही. म्हणजे कोर्टात ती अट सहसा टिकणार नाही, पण क्लायंटही फोन उचलणार नाही.

अंतिम_वर्ष_पंचवटी
मग क्लायंट राउंडमध्ये रेट विचारू?

इंदिरानगरची_टेस्टर
क्लायंटला चुकूनही नको! कंपनीला विचार, सिलेक्ट झाल्यावर आणि सही करायच्या आधी. तेव्हा त्यांना सोमवारी माणूस बसवायचा असतो. कामाचे तासही तेव्हाच लिहून घे, घड्याळ मागे गेल्यावरचे धरून.